कळव्याला, म्हणजे तसं ठाण्यालाच

मुंबईत घर शोधतोय हे चारचौघांत बोलू नये. ऑपरेशन ठरलंय हे सांगावं, नोकरी जायच्या बेतात आहे हेही सांगावं. लोक दोन मिनिटं हळहळतात आणि आपापल्या कामाला लागतात. घराचं नाव काढलं की मात्र समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो.

"बदलापूर बघितलंस का?"

असं विचारणारी व्यक्ती स्वतः बदलापुरातच राहते, यावर मी पैज लावायला तयार आहे. 'वसईत घर घे' असं सांगणारा डोंबिवलीकर अजून जन्माला यायचाय. बिचाऱ्याने जन्माची पुंजी आणि वीस वर्षांचे हप्ते एका स्टेशनवर लावलेले असतात. त्याच स्टेशनवर आणखी चार ओळखीची माणसं राहायला आली, तर रात्री त्याला जरा शांत झोप लागणार असते. आम्ही घर शोधत होतो. नातेवाईक सोबत शोधत होते.

आमच्यावर ही वेळ आली, कारण मुलुंडच्या घरमालकांचा मुलगा अमेरिकेहून परत येणार होता. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हा मुलगा चांगला ठाऊक असतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला की तो तिकडून निघतो, आणि भाडं वाढवून दिलं की त्याचा व्हिसा वाढतो. यंदा मात्र तो खरोखरच आला. पाठीला सॅक लावून दारात उभा राहिला आणि आमच्या हॉलकडे बघून म्हणाला, "ओह, आय थॉट इट वॉज बिगर." त्याच रात्री नवऱ्याने लॅपटॉपवर एक्सेल उघडलं.

एक्सेलमध्ये भरायला माहिती हवी. म्हणून आम्ही नातेवाइकांकडे जेवायला जायला सुरुवात केली.

डोंबिवलीच्या मामेसासऱ्यांनी पहिल्या घासालाच निकाल दिला. "डोंबिवलीसारखं गाव नाही. नाटक आहे, वाचनालय आहे, श्रीखंड आहे. आणि फास्ट पकडलीस की सत्तर मिनिटांत सीएसटी."

"पण बसायला मिळतं का, मामा?"

"मिळतं म्हणजे? मी रोज बसूनच जातो. आधी कल्याणला जायचं, तिथे जागा धरायची, आणि तीच गाडी डोंबिवलीला आली की..."

"म्हणजे तुम्ही रोज आधी उलटे जाता?"

"उलटं कसलं त्यात? सहा किलोमीटर तर आहे." मामींनी माझ्या पानात श्रीखंड वाढलं आणि विषय संपला.

ऑफिसातली मैत्रीण बदलापूरची. तिच्याकडे हवा शुद्ध, पाणी गोड, भाजी शेतातली आणि बेडरूमच्या खिडकीतून डोंगर. ही बाई सकाळी अंधारात घर सोडते आणि रात्री अंधारात परत येते. मी विचारलं, "डोंगर दिसतो कधी तुला?"

"रविवारी."

"रविवारी तरी घरी असतेस का तू?"

"मेगाब्लॉक असतो ना. कुठे जाता येत नाही, मग दिसतो."

उलव्याच्या चुलतदिरांनी तर जेवणाआधी आम्हाला गच्चीवर नेऊन अटल सेतूची दिशा दाखवली. जानेवारी २०२४ मध्ये हा पूल सुरू झाला आणि जवळपास बावीस किलोमीटरचा तो पूल त्यांनी तेव्हापासून वैयक्तिकरीत्या दत्तक घेतला आहे. "वीस मिनिटांत शिवडी, वहिनी! वीस!"

"मग भावजी, रोज त्यावरूनच ऑफिसला?"

"छे हो. एका बाजूचा टोल अडीचशे. मी घरूनच काम करतो."

"मग सेतू?"

"पाहुण्यांना सोडायला."

पुण्याच्या आत्याबाईंना आम्ही काही विचारलंच नव्हतं. त्यांनी फोन करून सांगितलं, की मुळात मुंबईत राहायचंच कशाला.

ही सगळी मौलिक माहिती एक्सेलमध्ये गेली. प्रत्येक जागेला शंभरपैकी गुण: हप्त्याला चाळीस, प्रवासाला तीस, शाळेला तीस. नवऱ्याने हे जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि मला?"

"आई, तुला ऑफिस नाही, शाळा नाही, हप्ता नाही. तुला कशाचे गुण देऊ?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ताटातली पोळी चतकोर उरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शीटमध्ये 'आई : १०' असा रकाना आलेला होता. ते दहा शाळेतून कापले होते.

खरा भडका उडाला तो प्रवासाच्या रकान्यावरून. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, माझं फोर्टला. त्याचं म्हणणं, प्रवासात जाणारा प्रत्येक तास रुपयांत मोजायचा. महिन्याचा पगार भागिले महिन्याचे तास, हा तासाचा भाव. आयटीतला तास सरकारी विम्यातल्या तासापेक्षा जवळजवळ दुप्पट निघाला. त्यामुळे घर ऐरोलीजवळ घेणं आणि मी जास्तीत जास्त लोंबकळणं हे कुटुंबाला सर्वांत परवडणारं होतं.

"मी नाही म्हणत हे," तो म्हणाला. "शीट म्हणतंय."

"बरं. आणि घरी आल्यावर मी कणीक मळते, डबे भरते, चिऊचा अभ्यास घेते. तो तास कुठल्या भावाने धरलायस?"

त्याने शीट वरखाली करून बघितलं. "तो... नॉन-बिलेबल आहे."

त्या रात्री जेवणही नॉन-बिलेबल झालं. दुसऱ्या दिवशी दोघांचे तास एका भावाचे झाले, आणि त्याबरोबर ऐरोलीजवळची सगळी घरं धाडकन तळाला जाऊन परळ पहिल्या क्रमांकावर आलं. परळमध्ये आमच्या बजेटात एक पार्किंग मिळालं असतं. त्यात गाडी लावली नसती तर चौघं आडवे मावलो असतो.

आता नवऱ्याला हसते आहे, पण माझंही काही कमी नाही. माझं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे: जिथून लोकल सुटते तिथे राहावं. हप्ता, शाळा, पाणी, हवा हे सगळं नंतर. मुलुंडला चढणाऱ्या बाईचं दुःख ठाण्याच्या बाईला कळायचं नाही. गाडी येते तीच भरलेली. फार तर चौथी सीट मिळते, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी: एक पाय आत, एक पाय वाटेत, आणि शरीराचा जो भाग टेकायचा तो निम्माच टेकलेला. उरलेला निम्मा आपण स्वतःच्या मांड्यांच्या बळावर दादरपर्यंत तोलून न्यायचा. घाटकोपरला खिडकीजवळची एखादी उठते, तेव्हा क्षणभर आशा वाटते. पण तिला ठाण्यालाच "कुठे उतरणार?" विचारून कुणीतरी त्या जागेचं बुकिंग केलेलं असतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. चौतीस किलोमीटरला तासाभराचा वेळ लागला. आजची धिमी लोकलही साधारण तेवढाच घेते, म्हणजे त्या बाबतीत रेल्वेने शब्द फिरवलेला नाही. मला हेवा वाटतो तो त्या चारशे पाहुण्यांचा. चौदा डब्यांत चारशे! झाडून सगळ्यांना बसायला मिळालं असणार. आणि "कुठे उतरणार?" म्हणून कुणी कुणाला छळलंही नसणार, कारण सगळेच ठाण्याला उतरणार होते.

त्यामुळे माझं मत आतून बदलापूरला होतं. बदलापूरहून गाड्या सुटतात.

"खिडकी मिळावी म्हणून अडुसष्ट किलोमीटर लांब राहायला जायचं?" नवरा म्हणाला.

"बसून," मी म्हटलं.

मग घरं बघणं सुरू झालं. या काळात आमचा पहिला परिचय झाला तो 'स्टेशनपासून पाच मिनिटे' या अंतराशी. हे अंतर नेमकं किती, ते जागेनुसार बदलतं. आमच्या अंदाजाप्रमाणे ते पहाटे चार वाजता, दुचाकीवरून, सिग्नल न पाळता आणि स्टेशनकडून नव्हे तर स्टेशनकडे जाताना मोजलेलं असतं. एका एजंटाबरोबर आम्ही ती पाच मिनिटं चालत गेलो. वाटेत सासूबाई दोनदा बसल्या, चिऊचं एक आइस्क्रीम खाऊन झालं, आणि एजंट सारखा म्हणत होता, "बघा, बोलता बोलता आलोच."

घोडबंदर रोडला मात्र 'पाच मिनिटे'सुद्धा कुणी म्हणत नाही. तिथे सगळं 'अपकमिंग' असतं. वडाळा ते कासारवडवली या मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आमच्यासह अर्धं ठाणे शहर गाड्यांतून बसून होतं. सेल्स ऑफिसातल्या टाय लावलेल्या मुलाने काचेतून ते खांब दाखवले.

"सर, मेट्रो सुरू झाली की इथून बीस मिनट."

"कधी सुरू होणार?"

"पझेशनच्या आधी नक्की, सर."

"आणि पझेशन कधी?"

"मेट्रोच्या आसपास."

नवऱ्याने तिथल्या तिथे मोबाइलवर महारेराचं संकेतस्थळ उघडून ताब्याची तारीख वाचून दाखवली. २०१६ चा तो कायदा आला तेव्हा सामान्य माणसाच्या हाती शस्त्र आलं असं म्हणतात. आमच्याकडे ते नको इतकं चालवलं जातं. मुलगा हसतमुखाने म्हणाला, "सर, वो तो वेबसाइट का डेट है," आणि आम्हाला कोल्ड कॉफी दिली.

सॅम्पल फ्लॅट ही बघण्यासारखीच गोष्ट आहे, राहण्यासारखी नाही. आत शिरताच सगळं ऐसपैस वाटतं. हळूहळू लक्षात येतं, की खोल्यांना दारंच नाहीत, भिंतींच्या जागी आरसे आणि काचा आहेत, आणि टीव्ही पुठ्ठ्याचा आहे. हा शेवटचा शोध चिऊने लावला आणि ती तिथेच भोकाड पसरून बसली. सासूबाई कपाट उघडायला गेल्या, तर ते भिंतीला चिकटवलेलं नुसतं दार निघालं. मग त्या मास्टर बेडरूममध्ये गेल्या, चपला काढल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत पलंगावर आडव्या झाल्या. सासूबाई जेमतेम पाच फूट. तरी त्यांचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर आले.

"हा पलंग कुणाच्या मापाचा गं?" त्यांनी पडल्या पडल्या तिथल्या मुलीला विचारलं.

"मॅम, तो फक्त लाइफस्टाइल दाखवायला आहे."

"लाइफस्टाइलची उंची किती?"

बाहेर आल्यावर कागद पुढे आला. वरच्या मजल्याला फुटामागे जास्त भाव, क्लब हाऊसचे वेगळे, आणि नॅशनल पार्कच्या जंगलाकडे तोंड असेल तर त्या नजाऱ्याचे आणखी वेगळे.

"बिबट्या दिसतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"नो नो मॅम! एकदम सेफ आहे."

"मग पैसे कसले?"

घोडबंदर तिथेच संपलं. निघताना मुलाने विचारलं, "आंटी, कॉफी आवडली?" तेवढं मात्र त्या आवडल्याचं म्हणाल्या.

शाळा हा शीटमधला सर्वांत थापाडा रकाना. नवरा आणि मी दोघंही मराठी माध्यमातले, आणि सासूबाई पालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी माध्यमाबद्दल आमच्या घरात कमालीचा आदर आहे. इतका, की त्याला धक्का लागू नये म्हणून चिऊला त्यात घालायचा विषयच आम्ही काढत नाही. १९२१ चं पार्ले टिळक, १९४० चं बालमोहन ही नावं आम्ही हात जोडून घेतो आणि मग आयसीएसई बरं की सीबीएसई बरं यावर इंग्रजीत भांडतो.

पहिली अडचण पत्त्याची. घर ठरायला शाळा ठरायला हवी आणि शाळेला आधी घराचा पुरावा हवा. एका शाळेच्या काउंटरवर नवरा आणि तिथल्या बाई यांच्यात हा संवाद झाला:

"कुठे राहता?"

"तुम्ही प्रवेश दिलात तर इथेच."

"आधी पत्ता लिहा."

"आधी प्रवेश द्या, मग पत्ता लिहितो."

"मग सध्याचा लिहा."

"सध्याचा तर सोडायचाय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फॉर्मवर पेन्सिलीने काहीतरी खूण केली. ती कसली, हे मला अजून कळलेलं नाही.

ठाण्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिकांनी स्वतः भेट दिली. वातानुकूलित वर्ग, भिंतीएवढे स्क्रीन, घोडेस्वारीची सोय. मैदान सहाव्या मजल्यावर. (घोडा सहाव्या मजल्यावर कसा नेतात हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.) सासूबाई इतका वेळ गप्प होत्या.

"पाढे कितीपर्यंत करून घेता?"

मुख्याध्यापिका प्रेमळ हसल्या. "आजी, वी डोन्ट बिलीव्ह इन रोट लर्निंग. आम्ही मुलांना कन्सेप्ट समजावतो."

"छान. आणि फी?"

"वर्षाला एक लाख चाळीस हजार. चार हप्त्यांत भरता येते."

"म्हणजे एक हप्ता किती?"

मुख्याध्यापिकांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

"पस्तीस हजार," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही पाठ करून घ्यायचो."

मला वाटलं, इथलाही पत्ता कट. पण उतरताना जिन्यात सासूबाईंनीच निकाल दिला. बाई हसऱ्या आहेत, पोरांवर ओरडत नसाव्यात, पाढ्यांचं मी घरी बघते. मी त्याआधीच वाहनाची चौकशी करून आले होते. आम्ही खाडीपलीकडे, कळव्याकडे घर घेतलं तर स्कूल बस सर्वांत आधी आमच्या दारात येणार होती. म्हणजे चिऊला खिडकी नक्की. माझ्यापुरती ती शाळा तिथेच पास झाली.

कळवा हे नाव असं मागल्या दाराने आलं. आमच्या ओळखीत कळव्याचं कुणीच नव्हतं, त्यामुळे ते कुणी सुचवलं नव्हतं. शीटमध्येसुद्धा ते चौथ्या क्रमांकावर अंग चोरून बसलं होतं. नवऱ्याला विटाव्यावरून मोटरसायकलने ऐरोली जवळ. मला ठाणे एका स्टेशनावर. भाव ठाण्याहून उतरता. वाईट एवढंच, की कळव्याला फक्त धिम्या गाड्या थांबतात, आणि विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसात पाणी साचतं. पण जुलै महिन्यासाठी शीटमध्ये रकाना नव्हता.

"कळवा?" सासूबाई म्हणाल्या. मुलुंड म्हणजे मुंबई महानगरपालिका, आणि मुलुंडचा चेकनाका ओलांडणं ही त्यांच्या दृष्टीने घराण्याच्या इतिहासातली मोठी घटना होती.

"आई, कळवा म्हणजे ठाणेच. महापालिका ठाण्याची, पिन कोड ठाण्याचा. ४००६०५."

"आपला ४०००८१ आहे."

"मग? फरक फक्त पाचशे चोवीसचा आहे."

घराण्याचा इतिहास तसा फार गुंतागुंतीचा नाही. आजेसासरे गिरगावच्या चाळीत, सासरे घाटकोपरला, आम्ही मुलुंडला आणि आता कळव्याला. जमिनीचे भाव मागून ढकलतात आणि आम्ही पिढीगणिक मध्य रेल्वेच्या मार्गाने चार स्टेशनं पुढे सरकतो. चिऊ बहुतेक बदलापूरला जाईल, तिची मुलं कसाऱ्याला. आणि त्यांची मुलं इगतपुरीच्या धुक्यात बसून शेजाऱ्यांना सांगतील, "आम्ही तसे मूळचे गिरगावचे."

जे घर बघायला गेलो ते बारा वर्षं जुन्या इमारतीत होतं. भोगवटा प्रमाणपत्र होतं, त्यामुळे बांधकाम चालू असलेल्या घरावर लागणारा पाच टक्के जीएसटी नव्हता. एवढ्यावरच नवऱ्याचे डोळे पाणावले. तो बाथरूमचे नळ सोडून बघत होता, मी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या मोजत होते. दहा मिनिटांनी लक्षात आलं, की सासूबाई घरात नाहीत.

त्या खाली गिरणीत होत्या. इमारतीच्या कडेलाच पिठाची गिरणी होती. दारात पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूने नाव, भिंतीवर पिठाचा थर, आणि गिरणीवाल्याच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या. सासूबाई पोत्यावर बसून त्याची तोंडी परीक्षा घेत होत्या.

"भाजणी वेगळी दळून देता का? कुणाच्या ज्वारीवर घालायची नाही."

"सकाळी पहिली टाकतो, आजी. चक्की साफ असते तेव्हा."

"आणि डाळीचं पीठ?"

"त्याला जातं वेगळं."

सासूबाई उठल्या, पदर झटकला आणि आम्हाला म्हणाल्या, "घर चांगलं आहे." त्यांनी हॉलच्या पुढे पाऊलही टाकलेलं नव्हतं.

त्या रात्री शीटमध्ये 'गिरणी' असा नवा रकाना आला. नवऱ्याने तिला पंधरा गुण दिले; ते कशातून कापायचे हे त्याला सुचेना, म्हणून कशातूनच कापले नाहीत. कळव्याला शंभरपैकी एकशे चार गुण मिळाले. "बघ," तो लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला, "आकड्यांवरून किती क्लिअर होतं सगळं." आणि मीही लगेच मनाशी हिशेब करून टाकला, की कळव्याहून ठाण्यापर्यंत एकच स्टेशन उभं राहायचं, तिथे उतरून ठाण्याहून सुटणारी लोकल पकडायची, म्हणजे बसून जाता येईल. मामांसारखं उलटं तर जायचं नाही.

उरला प्रश्न कागदांचा. घर ऐंशी लाखांचं. मुद्रांक शुल्क मुंबईत सहा टक्के आणि ठाण्यात सात, शिवाय नोंदणीचे तीस हजार. वकिलांनी चष्मा पुसत सहज म्हटलं, "फक्त बाईच्या नावावर घेतलंत तर एक टक्का सूट आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही."

एक टक्का म्हणजे ऐंशी हजार. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात प्रथमच शीट चालू असल्याचं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. एका पारड्यात तो स्वतः होता, दुसऱ्यात किचनच्या ट्रॉल्या.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "हिच्या एकटीच्या नावावर करू."

"मीही बाईच आहे," सासूबाई म्हणाल्या.

वकील अडखळले. "दोघी स्त्रिया असल्या तरी सवलत आहे, आजी. २०२१ मध्ये ही योजना आली तेव्हा एक अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही अशी. २०२३ मध्ये ती काढून टाकली."

"काढली?" सासूबाईंनी एकदा लेकाकडे बघितलं. "चांगली होती की."

असं घर आम्हा दोघींच्या नावावर झालं. कर्जाला मात्र नवरा लागलाच. बँकेला स्त्रियांच्या सवलतीत रस नव्हता, तिला त्याच्या पगाराच्या स्लिपा हव्या होत्या.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बाकावर बसायला जागा नव्हती. मी सवयीने एका बाईंना "तुमचा नंबर कितवा?" विचारून त्यांची जागा बुक केली. आमचा पुकारा झाला. छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढले, त्यात मी डोळे मिटले. सासूबाईंचा अंगठा यंत्र घेईना. वर्षानुवर्षं खडूने घासून गुळगुळीत झालेला तो अंगठा त्यांनी पदराला पुसला, फुंकर मारली, परत टेकवला. यंत्र परत 'नाही' म्हणालं. "दाबून ठेवा, आजी," कर्मचारी म्हणाला. "दाबून ठेवायची मला सवय आहे," असं म्हणून त्यांनी एवढ्या जोरात दाबला की टेबल हललं, आणि हिरवा दिवा लागला.

"ओळख पटवणारे कोण?" कर्मचाऱ्याने मान वर न करता विचारलं.

नवरा आधार कार्ड घेऊन पुढे झाला.

"तुमचं दस्तात नाव आहे?"

"नाही. हप्त्यात आहे."

"या दोघींना ओळखता का?"

नवऱ्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. नको तितका वेळ घेतला त्याने. मागची रांग चुळबुळायला लागली.

"हो," तो म्हणाला.

"नातं काय?" कर्मचाऱ्याने की-बोर्डवर बोटं ठेवली. "खरेदीदारांशी तुमचं नातं काय लिहू?"

"लिहा, भाडेकरू," सासूबाई म्हणाल्या.